जुन्या लॅपटॉपची ऑपरेटिंग सिस्टीम : प्रत घ्यावी आणि परत बसवूनही पाहावी

उरण तालुक्यातील न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात २७ जून २०१७ रोजी एका टर्मिनलचे कामकाज अचानक कोलमडले. क्रेन शाबूत होत्या, कंटेनर जागच्या जागी होते; निकामी झाले होते ते संगणक. 'नॉटपेट्या' या घातक प्रोग्रॅमने मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या जगभरातील यंत्रणेवर हल्ला चढवला होता. तिच्याच समूहाकडून चालवले जाणारे न्हावा-शेव्याचे गेटवे टर्मिनल्स इंडिया त्या तडाख्यात सापडले. हा प्रोग्रॅम संगणक सुरूच होऊ देत नसे. फायली बाजूलाच राहिल्या, ऑपरेटिंग सिस्टीमच हाती उरली नव्हती.

पुढे जे घडले ते अधिक बोलके आहे. कंपनीला ४ हजार सर्व्हर, ४५ हजार संगणक आणि अडीच हजार अॅप्लिकेशन्स नव्याने उभी करावी लागली व हे काम १० दिवसांत उरकण्यात आले, असे मर्स्कचे अध्यक्ष जिम हागेमान स्नाबे यांनी जानेवारी २०१८मध्ये दावोस येथे सांगितले. मात्र संपूर्ण जाळ्याचा नकाशा सांभाळणाऱ्या मुख्य सर्व्हरची धड प्रत कोठेच सापडत नव्हती. अखेर ती आफ्रिकेतील घाना येथे मिळाली. हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेलेली होती, म्हणून तो सर्व्हर जाळ्यापासून तुटलेला राहिला आणि वाचला. इंटरनेटचा वेग तोकडा पडल्याने ती डिस्क विमानाने, हातोहात ब्रिटनमध्ये नेण्यात आली.

रायगडच्या किनाऱ्यावर एखाद्या लॉजचे हिशेब, मच्छीमार सोसायटीची सभासद यादी किंवा दस्तलेखकाचे वीस वर्षांचे मसुदे ज्या जुन्या लॅपटॉपवर आहेत, त्याच्या मालकालाही हाच धडा लागू पडतो. जाळ्यापासून आणि जागेपासून दूर असलेली, खरोखर चालणारी प्रत हीच शेवटी कामास येते.

फायलींची प्रत पुरेशी नाही

छायाचित्रे, पत्रे, हिशेब यांची पेनड्राइव्हवर नक्कल करणे म्हणजे बॅकअप, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. लॅपटॉपमध्ये विंडोजसारखी ऑपरेटिंग सिस्टीम, प्रिंटर व ध्वनी यंत्रणा चालवणारे ड्रायव्हर, बसवलेले प्रोग्रॅम आणि त्यांची मांडणी असे बरेच काही असते. हार्ड डिस्क बिघडली की तेही जाते. हे सारे एकत्र, जसेच्या तसे टिपून ठेवणाऱ्या प्रतीला 'सिस्टीम इमेज' म्हणतात.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी तर हा मुद्दा कळीचा आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी छापखाने, वकील आणि कार्यालये पुण्यातील सी-डॅकचे आयएसएम, मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी यांसारख्या पॅकेजवर मजकूर टाइप करीत. त्या काळातील फाइल आज केवळ नक्कल करून नव्या संगणकावर उघडली तर बहुधा रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसते. तो फॉन्ट आणि ते पॅकेज ज्या जुन्या विंडोजवर बसलेले आहे, तिची इमेज जपली तरच मजकूर मूळ रूपात वाचता येतो. काही पॅकेजना चालण्यासाठी डोंगल, म्हणजे हार्डवेअर कुलूप लागते. इमेजमध्ये त्याची प्रत होत नाही. ते डिस्कबरोबर स्वतंत्र जपून ठेवावे.

जुन्या यंत्रांची घाई का?

मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १०चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज १०च्या घरगुती ग्राहकांना नोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षा सुधारणा मिळतील, अशी सोय तेव्हा देऊ करण्यात आली. विंडोज ११साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचे साधारण आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर आवश्यक ठरवल्याने, चालू स्थितीतील असंख्य लॅपटॉप अधिकृतपणे पुढे जाऊ शकत नाहीत.

त्यात, जुना लॅपटॉप विकत घेताना मिळालेली सीडी एव्हाना गहाळ झालेली असते किंवा वाचली जात नाही. उत्पादकाने हार्ड डिस्कच्याच एका लपलेल्या कप्प्यात ठेवलेली मूळ प्रत डिस्क गेली की डिस्कबरोबरच जाते. म्हणून यंत्र सुरू होत आहे तोवरच इमेज घेणे शहाणपणाचे.

इमेज कशी घ्यावी?

प्रथम डिस्कची प्रकृती पाहावी. खटखट आवाज येत असेल किंवा फायली उघडताना यंत्र अडखळत असेल, तर आधी केवळ महत्त्वाच्या फायली बाहेर काढाव्यात; इमेजचे दीर्घ काम अशा डिस्कला झेपेलच असे नाही. डिस्क ठीक असल्यास 'चेक डिस्क' चालवून, कचरा फायली काढून पुढे जावे.

लॅपटॉपच्या डिस्कवर जितकी जागा भरलेली आहे, त्याहून मोठी बाह्य हार्ड डिस्क घ्यावी आणि ती एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली असावी. फॅट३२ पद्धतीत ४ जीबीहून मोठी फाइल राहत नाही. विंडोज ७ आणि १० या दोहोंच्या कंट्रोल पॅनेलमध्ये 'बॅकअप अँड रिस्टोअर' हा विभाग आहे. त्यातील 'क्रिएट अ सिस्टीम इमेज' निवडून बाह्य डिस्क दाखवली की काम सुरू होते. तयार होणाऱ्या फोल्डरचे नाव बदलू नये आणि तो दुसऱ्या फोल्डरच्या आत सरकवू नये. तसे केल्यास परत बसवताना विंडोजला तो सापडत नाही.

जुन्या लॅपटॉपला यूएसबी २.० असल्यास वेग मर्यादित असतो. ८० जीबी मजकुरास पाऊण तास ते दोन-अडीच तास सहज लागतात. किनाऱ्यावरील गावांत वीज कधीही जाते आणि जुन्या यंत्राची बॅटरी बहुधा नावापुरतीच उरलेली असते. हे काम इन्व्हर्टरच्या आधारावर, निवांत वेळी करावे.

एक्सपीमध्ये अशी अंगभूत सोय नाही. तेथे किंवा लिनक्स यंत्रांसाठी तैवानमध्ये विकसित झालेले 'क्लोनझिला' हे विनामूल्य साधन उपयोगी पडते. ते पेनड्राइव्हवरून स्वतंत्रपणे सुरू होते आणि डिस्कचा फक्त वापरलेला भाग दाबून साठवते. त्याचे पडदे मात्र अक्षरी आहेत. कोणती डिस्क मूळ आणि कोणती लक्ष्य, हे दोनदा वाचल्याशिवाय होकार देऊ नये. ही निवड उलटी झाली तर वाचवायचीच डिस्क पुसली जाते.

चावीशिवाय कुलूप

इमेज घेतली, पण बंद पडलेला लॅपटॉप सुरू करण्याचे साधनच नसेल तर ती निरुपयोगी ठरते. म्हणून विंडोज ७मध्ये 'सिस्टीम रिपेअर डिस्क' ही सीडी, तर विंडोज १०मध्ये किमान १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर 'रिकव्हरी ड्राइव्ह' तयार करून ठेवावा. ३२ बिट विंडोजला ३२ बिट आणि ६४ बिट विंडोजला ६४ बिट साधन लागते. बिटलॉकर वापरात असल्यास त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून, लॅपटॉपपासून वेगळ्या जागी ठेवावी.

परत बसवताना

पेनड्राइव्ह किंवा सीडीवरून लॅपटॉप सुरू करावा. त्यासाठीचे बटण उत्पादकानुसार एफ १२, एफ २, एस्केप असे बदलते. विंडोज १०मध्ये 'ट्रबलशूट'च्या प्रगत पर्यायांत 'सिस्टीम इमेज रिकव्हरी' मिळते. तिची निवड केल्यावर डिस्कवरील सध्याचा सर्व मजकूर पुसला जातो. इमेजनंतर तयार झालेल्या फायली त्याआधी वाचवणे आवश्यक असते.

तीन अडथळे नेहमी येतात. पहिला क्षमतेचा : नवी डिस्क मूळ डिस्कइतकी किंवा तिच्याहून मोठी असावी. ५०० जीबीच्या डिस्कमध्ये मजकूर ८० जीबीच असला तरी २५६ जीबीच्या एसएसडीवर इमेज सहसा बसत नाही. दुसरा पद्धतीचा : मूळ विंडोज बायोस पद्धतीने सुरू होत असेल तर परत बसवतानाही तीच पद्धत, आणि यूईएफआय असेल तर यूईएफआय निवडावी लागते. तिसरा यंत्राचा : इमेज ज्या लॅपटॉपची आहे त्याच्यासाठीच ती भरवशाची. वेगळ्या यंत्रावर ड्रायव्हर आणि परवाना दोन्ही अडतात.

परत बसवलेली सिस्टीम इमेज घेतल्या दिवशी होती तशीच असते. त्यानंतरच्या सुरक्षा सुधारणा तिच्यात नसतात. आधार संपलेल्या विंडोजवर केवळ जुने मराठी मजकूर उघडायचे असतील, तर तो लॅपटॉप इंटरनेटला न जोडणेच उत्तम. रोजच्या कामासाठी लिनक्सचा विचार करता येतो; सी-डॅकची बॉस ही भारतीय आवृत्तीही त्यात आहे. बदल करण्यापूर्वी विंडोजची इमेज घेतलेली असली की परतीची वाट खुली राहते.

जुने सोडण्यापूर्वी पडताळा

प्रत न तपासता तिच्यावर विसंबणे हा बॅकअपमधील सर्वांत महागडा दोष आहे. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय मोजणी अलिबागला हलवण्यात आली, तेव्हा शास्त्रज्ञांनी कुलाब्याची उपकरणे लगेच बंद केली नाहीत. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेण्यात आल्या. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातील नोंदींशी अलिबागच्या नोंदी जोडता आल्या आणि मालिका अखंड राहिली.

लॅपटॉपबाबतही हेच करता येते. दुसरी साटा डिस्क किंवा एसएसडी घ्यावी, मूळ डिस्क काढून बाजूला ठेवावी, नव्या डिस्कवर इमेज बसवावी आणि लॅपटॉप सुरू करून पाहावा. फॉन्ट उघडतो का, प्रिंटर चालतो का, हिशेबाचा प्रोग्रॅम सुरू होतो का, हे तपासावे. चूक झाली तरी मूळ डिस्क सुरक्षित असते. एवढे शक्य नसेल, तर निदान रिकव्हरी ड्राइव्हवरून यंत्र सुरू करून यादीत इमेज दिसते का, ते पाहावे.

प्रत कोठे आणि केव्हा?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा परिसरात घरांची कौले, पत्रे उडाले आणि अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. जुलै २०२१मध्ये सावित्रीच्या पुराने महाड शहर पाण्याखाली गेले. लॅपटॉप आणि बॅकअपची डिस्क एकाच कपाटात असतील, तर अशा वेळी दोन्ही एकदमच भिजतात. डिस्क कायम जोडून ठेवल्यास नॉटपेट्यासारखा प्रोग्रॅम तिच्यापर्यंतही पोहोचतो. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतील एक दुसऱ्या गावी, हा जगभर मानला जाणारा नियम त्यासाठीच आहे. किनाऱ्यावरील बहुतेक कुटुंबांचे कोणी ना कोणी मुंबई-पुण्यात असते. गणपतीला आणि मे महिन्यात येणाऱ्या पाहुण्यांबरोबर एक डिस्क पाठवावी व जुनी परत मागवावी.

१ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळासाठी नौका किनाऱ्यावर घेऊन शाकारल्या जातात. घरोघरी पावसाळ्याची बेगमीही त्याच सुमारास होते. इमेज घेण्याचे आणि परत बसवून पाहण्याचे काम त्याच यादीत घालावे.

थोडक्यात
* फायलींच्या नकलेबरोबर सिस्टीम इमेजही घ्यावी.
* लॅपटॉप सुरू करणारी सीडी किंवा पेनड्राइव्ह सोबत ठेवावा.
* काम संपताच बाह्य डिस्क काढून ठेवावी. तिच्यावर तारीख आणि लॅपटॉपचे मॉडेल लिहावे.
* एक प्रत दुसऱ्या गावी असावी.
* वर्षातून एकदा इमेज परत बसवून पाहावी.
* भिजलेला लॅपटॉप किंवा डिस्क सुरू करून पाहू नये, जाणकाराकडे न्यावी.