जीप आली, रेडिओ राहिला

जीप आणि वॉकीटॉकी ही तशी जुळी भावंडं. दोघांचा जन्म दुसऱ्या महायुद्धातला. अमेरिकन सैन्याच्या जीपगाड्या १९४१ पासून हजारोंनी बाहेर पडू लागल्या. त्याच सुमारास मोटोरोलाने सैनिकाच्या पाठीवर बांधायचा एससीआर-३०० हा संच बनवला. वजन पंधरा किलोंच्या वर, पल्ला जेमतेम पाच किलोमीटर. पण चालता चालता बोलता येत होतं, म्हणून त्याला नाव पडलं वॉकीटॉकी. जिथे रस्ता नाही तिथे जाणारी गाडी आणि जिथे तार नाही तिथून बोलणारं यंत्र. एकाशिवाय दुसरं अपुरं.

युद्ध संपलं आणि जीप आपल्याकडे नागरी आयुष्यात आली. महिंद्रांनी १९४० च्या दशकाअखेरीस मुंबईत विलिसच्या जीपचे भाग आणून जोडायला सुरुवात केली. पुढे तहसीलदार, ओव्हरसियर, जंगल खात्याचे साहेब, निवडणुकीचे उमेदवार, सगळ्यांच्या बुडाखाली जीप आली. आमच्या विदर्भात तर 'सरकार आलं' म्हणजे 'जीप आली' असाच अर्थ होता. तिचं जुळं भावंड मात्र सरकारी कपाटातच राहिलं.

हे सगळं आठवायचं कारण आमचा नागपूरचा भाचा. मित्रांबरोबर तीन जीपगाड्या घेऊन चंद्रपूर, आष्टी, मुलचेरा, आलापल्ली करत भामरागडपर्यंत जायचा त्याचा बेत आहे, आणि जमेल तिथे डांबरी सोडून जंगलवाटेने. त्याचा प्रश्न साधा होता. "मामा, गाड्यागाड्यांत बोलायला कोणता वॉकीटॉकी घेऊ? ऑनलाइन पाच वॉटचा लय स्वस्तात मिळून राहिला." उत्तर दोन ओळींचं होतं. पण हा प्रश्न आपल्याकडे इतक्या उशिरा का विचारला जातोय, त्याचं उत्तर दोन ओळींत मावत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

सुरुवात १९३३ पासून करायला हवी. त्या वर्षी इंग्रज सरकारने भारतीय बिनतारी तारायंत्र कायदा केला. १८८५ चा तार कायदा आधीपासून होताच. तो यंत्रणा चालवण्याबद्दल बोलत होता. नव्या कायद्याने बिनतारी यंत्र नुसतं जवळ बाळगणंही परवान्याखाली आणलं. गंमत म्हणजे यात ऐकण्याचा रेडिओसुद्धा आला. आपल्यापैकी वयाने मोठ्या मंडळींना आठवत असेल, घरातल्या रेडिओचं लायसन्स पोस्टात जाऊन भरावं लागे. १९८० च्या दशकात ते बंद झालं. म्हणजे ऐकायची मोकळीक मिळायलाच पन्नासेक वर्षं गेली. बोलण्याची गोष्ट त्याहून लांबची.

सरकारला भीती कशाची होती, ते १९४२ मध्ये दिसलं. युद्ध सुरू होताच हौशी रेडिओवाल्यांचे परवाने स्थगित झाले होते. तरीही मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी ऑगस्टअखेर गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. जागा बदलत बदलत तो १२ नोव्हेंबरपर्यंत चालला, मग पोलिसांनी छापा घातला. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. आता यात आपल्या चांद्याचा संबंध असा, की चिमूर आणि आष्टी (ही वर्धा जिल्ह्यातली आष्टी बरं का, वैनगंगेकाठची नव्हे) इथल्या अत्याचारांच्या बातम्या वर्तमानपत्रं छापू धजत नव्हती, तेव्हा त्या या रेडिओने देशाला सांगितल्या. चिमूर तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातलं, आणि मुलचेराही त्याच जिल्ह्यात. जंगलातल्या गावाची हाक बिनतारी यंत्राने बाहेर पोचवली, तीही बेकायदा.

स्वातंत्र्य आल्यावर वाटेल की हे बदललं. बदललं नाही, उलट कडक झालं. १९४९ च्या दुरुस्तीने विनापरवाना ट्रान्समीटर बाळगण्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली. नुकती फाळणी झालेली, काश्मीर पेटलेलं, हैदराबादचं प्रकरण ताजं. तेव्हाच्या राज्यकर्त्यांना ते योग्य वाटलं असणार, आणि त्यांच्या जागी बसून पाहिलं तर समजतंही. पण त्या घटकेची भीती पुढच्या अर्ध्या शतकाची सवय झाली.

इथे एक तुलना करावीशी वाटते. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात मैलोन् मैल माणूस नाही. तिथे जॉन फ्लिन नावाच्या पाद्र्याच्या खटपटीने १९२८ मध्ये विमानाने डॉक्टर पोचवायची सेवा सुरू झाली. पण डॉक्टरला बोलवायचं कसं? आल्फ्रेड ट्रेगर या तंत्रज्ञाने १९२९ मध्ये सायकलसारखं पायडल मारून वीज बनवणारा रेडिओ तयार केला. एकट्यादुकट्या घरातल्या बाईने पायडल मारायचं आणि शेकडो किलोमीटरवर निरोप पोचवायचा. आधी मोर्सच्या कट्ट-कड्डने, पुढे चक्क बोलून. अमेरिकेत १९५८ मध्ये २७ मेगाहर्ट्झचा पट्टा सामान्य नागरिकांना मिळाला आणि १९७३ च्या तेलटंचाईत ट्रकवाल्यांनी डिझेल कुठे मिळतंय हे एकमेकांना सांगायला तो डोक्यावर घेतला. आड रस्त्याच्या सफरीत रेडिओ लागतो ही समज तिकडे अशी रुजली.

आता त्याच काळातलं आपलं जंगल बघा. १९७३ च्या डिसेंबरात बाबा आमट्यांनी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा पावसाळ्यात नदी-नाले भरले की तो सगळा मुलूख जगापासून तुटायचा. आजारी माणसाला खाटेवर घालून, ती खाट खांद्यावर घेऊन लोक कोसच्या कोस चालायचे. अशा बातम्या त्या भागातून अजूनही अधूनमधून येतात. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटणं हे तर दर पावसाळ्याचं. ज्यांना बोलण्याच्या यंत्राची सर्वांत जास्त गरज होती, त्यांच्याकडे निरोपाचं साधन होतं कोतवाल, एसटीचा कंडक्टर किंवा लाकडं नेणारा ट्रकवाला.

मुलचेऱ्याची गोष्ट जरा वेगळी. या तालुक्यात आणि शेजारच्या चामोर्शीत पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची गावं आहेत. गोंड-माडियांच्या जंगलात धान आणि मासळी घेऊन वसलेली बंगाली वस्ती. मला नेहमी वाटतं, त्या वस्तीत रात्री ट्रान्झिस्टरचा कान पिळल्यावर काय होत असेल. मध्यम लहरी (मीडियम वेव्ह) दिवसा जमिनीला धरून चालतात, पण रात्री आकाशातल्या आयनांबरावरून परतून शेकडो किलोमीटरवर उतरतात. म्हणजे कलकत्त्याची बंगाली मुलचेऱ्याच्या अंगणात उतरू शकते. ऐकू येऊ शकतं सगळं. पलीकडे काही सांगता मात्र येत नाही.

बोलणारे संच जंगलात आले ते दोन खात्यांबरोबर. १९७३ मध्ये व्याघ्रप्रकल्प सुरू झाला आणि गस्तीच्या चौक्यांना बिनतारी संच मिळू लागले. दुसरं खातं पोलिसांचं. १९८० मध्ये नक्षलवादी प्राणहितेच्या अलीकडे आले, १९८२ मध्ये गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, १९९० मध्ये सी-६० पथक उभं राहिलं. या चाळीसेक वर्षांत इथे ट्रान्समीटरला एकच अर्थ उरला: तू या बाजूचा की त्या बाजूचा? सहलीला निघालेला माणूस या दोन्हींत बसत नाही, आणि म्हणूनच हातात भलता संच घेऊन तो अशा मुलखात शिरला तर प्रश्न विचारले जाणारच. इतर जिल्ह्यांत जे हौसेचं खेळणं, त्याला इथे इतिहास चिकटलेला आहे.

दरम्यान दिल्लीत हळूहळू पालवी फुटत होती. ९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेटच्या प्रक्षेपणाच्या खटल्यात सांगितलं की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. निकाल लिहिणाऱ्यांत आपले न्या. पी. बी. सावंत होते. पुढे २००५ मध्ये २७ मेगाहर्ट्झचा नागरिक पट्टा (२६.९५७ ते २७.२८३) पाच वॉटपर्यंत विनापरवाना खुला झाला. अमेरिकेनंतर सत्तेचाळीस वर्षांनी! आणि २०१८ मध्ये ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा चिमुकला पट्टा कमी शक्तीच्या हातसंचांसाठी मोकळा झाला. युरोपात याच पट्ट्याचा अर्धा भाग १९९० च्या दशकाअखेर अर्ध्या वॉटच्या संचांना मिळाला होता. २०२३ मध्ये नवा दूरसंचार कायदा झाला, तो टप्प्याटप्प्याने लागू होतोय. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन दुकानांवरच्या बेकायदा वॉकीटॉकीविक्रीला चाप लावणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. 'स्वस्तात मिळून राहिला' त्याच प्रकारच्या संचांसाठी.

आता यंत्रांकडे वळू. तीन पर्याय आहेत आणि प्रत्येकाचा स्वभाव निराळा.

२७ मेगाहर्ट्झची लहर सुमारे अकरा मीटर लांबीची. लांब लहर झाडोऱ्यातून बरी वाट काढते. पण तिचा पाव लांबीचा अँटेना म्हणजे पावणेतीन मीटरची काठी. जीपच्या टपावर शोभते, हातात नाही. हातसंचात तो अँटेना गुंडाळून आखूड करतात आणि तिथेच जोर जातो. शिवाय आपल्याकडे या पट्ट्याचे संच शोधावे लागतात.

४४६ ची लहर ६७ सेंटिमीटरची, अँटेना वीतभर. संच खिशात मावतो. पण ही लहर सरळ रेषेतली. मोकळ्या माळावर दोन उभ्या माणसांना क्षितिजाच्या हिशोबाने आठ-नऊ किलोमीटर मिळावेत. सागवान-बांबूच्या रानात, त्यातही ओल्या पानांत, किलोमीटर-दोन किलोमीटर मिळाले तरी देव पावला म्हणायचं. खोक्यावर काहीही छापलेलं असो.

मधला पट्टा १५० मेगाहर्ट्झच्या आसपासचा, पोलीस आणि वनखात्यासारख्यांचा. त्यांचा आवाज लांब जातो तो केवळ संचाच्या ताकदीने नाही, उंचावर बसवलेल्या रिपीटरमुळे. शंभर मीटर उंच टेकडीवरून क्षितिज छत्तीस किलोमीटरवर असतं. तो स्वस्त पाच वॉटचा संच बहुतेक वेळा याच पट्ट्यात बोलू शकतो, आणि खरा धोका तो आहे. तुमच्या "अरे चहाला थांबू का?" खाली एखाद्या वनरक्षकाची मदतीची हाक दाबली जाऊ शकते. एका वेळी एकानेच बोलायचं, म्हणून तर शेवटी 'ओव्हर' म्हणतात.

हौस खरीच असेल तर हॅम रेडिओची परीक्षा द्यावी, बारा वर्षांवरच्या कोणालाही देता येते. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत अंदमानात भारती प्रसाद आणि त्यांचे हॅम सहकारी योगायोगाने तिथेच होते, आणि फोन बंद पडल्यावर बेटांचे निरोप त्यांच्याच संचांवरून मुख्य भूमीला पोचले. सात मेगाहर्ट्झच्या आसपासची लहर सरळ वर सोडली तर आकाशावरून परतून शे-दोनशे किलोमीटरच्या टापूत उतरते, मध्ये कितीही जंगल असो. रानासाठी खरा रेडिओ तोच. पण त्याला शिकणं आणि परवाना दोन्ही लागतं. सॅटेलाइट फोनचं नावही परवानगीशिवाय काढू नये.

भाच्याला मी सांगितलं ते असं: ४४६ चे मान्यताप्राप्त, विनापरवाना चालणारे संच घे, प्रत्येक गाडीत एक. ते फक्त आपापसात 'पुढे खड्डा आहे, हळू ये' म्हणायला. संकटात ते कामाचे नाहीत हे आधीच ठरवून ठेवा. मागची गाडी दहा मिनिटं बोलली नाही तर पुढचीने थांबायचं, वीस मिनिटं झाली तर परत फिरायचं. निघण्याआधी वन कार्यालयात आणि पोलीस ठाण्यात आपला रस्ता, माणसं आणि परतायची वेळ लिहून द्या, संच आहेत हेही सांगा. त्यांच्याकडे रिपीटर आहे, तुमच्याकडे नाही. त्याला हे जरा मिळमिळीत वाटलं. असो.

मला मात्र या सगळ्यात एकच गोष्ट खुपते. इतक्या वर्षांनी खुला झालेला हा चिमुकला पट्टा पहिल्यांदा वापरतोय कोण? आमच्यासारखे सहलीला निघालेले. ज्या गावातून खाट खांद्यावर निघते, त्या गावाला किलोमीटरभर पोचणाऱ्या संचाचा काय उपयोग? त्याला हवा टेकडीवरचा रिपीटर, किंवा चालू असलेला मोबाइल टॉवर, आणि हाक आली तर ती ऐकायला पलीकडे जागा असलेलं माणूस. ट्रेगरच्या पायडल रेडिओचं यश पायडलमध्ये नव्हतं, पलीकडे डॉक्टर आणि विमान तयार होतं म्हणून ते होतं. मुलचेऱ्याच्या पुढे गाडी घालाल तेव्हा वाटेतल्या गावांत थांबून जरा विचारा, पावसाळ्यात तुमचा निरोप कसा जातो? उत्तरं लिहून आणा. त्यावर एकदा सविस्तर लिहीन म्हणतो.