पोपटाची मिरची

पोपटाला मिरची झोंबत कशी नाही, हा प्रश्न वर्गात कधी ना कधी निघतोच. त्याचे उत्तर शोधायला आपल्याला मेक्सिकोपर्यंत जावे लागते, कारण मिरची मूळची आपली नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ती गोव्यात आणली. त्याआधी आपल्या स्वयंपाकात तिखटपणासाठी मिरी, पिंपळी आणि आले होते. नव्या फळाला आपण नावही मिरीवरूनच दिले.

उत्तर मेक्सिकोत आणि त्याला लागून असलेल्या ॲरिझोना, टेक्सासमध्ये आजही एक रानमिरची उगवते. तिचे नाव चिल्टेपिन. अॅझ्टेकांच्या नाहुआत्ल भाषेत या नावाचा अर्थ 'पिसवेएवढी मिरची' असा सांगतात. फळ मिरीच्या दाण्याहून थोडे मोठे, वर तोंड करून उभे राहणारे, पिकले की लालभडक होणारे आणि हात लागताच देठापासून सुटणारे. आपली ब्याडगी आणि ढोबळी मिरची, दोन्ही हिच्याच जातीच्या. माणसाने हजारो वर्षे निवड करून फळ मोठे केले, ते देठाला घट्ट राहील असे पाहिले. मग ते जड होऊन खाली लोंबू लागले.

मेक्सिकोतील सोनोरा प्रांतात लोक अजूनही डोंगरात जाऊन ही मिरची वेचतात. वाळवलेल्या मिरच्या वाटीत घालून जेवणाच्या टेबलावर ठेवतात. ज्याने त्याने एखाद-दुसरी चुरडून घेवड्याच्या उसळीत, सुपात किंवा मका आणि मांसाच्या 'पोसोले' या रश्श्यात टाकायची. हिरव्या मिरच्या शिरक्यात मुरवतात. तिखटपणा जबरदस्त, पण भडका लवकर उठतो आणि लवकर शमतोही.

झाडाला हा तिखटपणा कशासाठी हवा? जॉश्वा ट्यूक्सबरी आणि गॅरी नाभान यांनी ॲरिझोनात या झुडपांवर पाळत ठेवली आणि २००१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. उंदरांसारखे प्राणी या फळांना तोंड लावत नव्हते, पक्षी मात्र ती आवडीने खात होते. मिरचीच्याच एका बिनतिखट प्रकाराची फळे उंदरांना खाऊ घातली, तेव्हा त्यांच्या विष्ठेतले एकही बी रुजले नाही. पक्ष्यांच्या पोटातून गेलेली बीजे रुजली. म्हणजे तिखटपणा ही निवड आहे: बी चावणाऱ्याला मज्जाव, बी पेरणाऱ्याला मुक्तद्वार.

हे घडते कसे, हेही आता कळले आहे. १९९७ साली डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने कॅप्सेसिन या तिखट द्रव्याला प्रतिसाद देणारे प्रथिन शोधले. तेच प्रथिन आपल्याला चटका बसल्याचेही कळवते, म्हणून मिरची 'भाजते'. कोंबडीतील याच प्रथिनावर कॅप्सेसिनचा परिणाम जवळजवळ होत नाही, हे २००२ साली दिसले. ज्युलियस यांना २०२१ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

मेस्किटसारख्या झाडांच्या सावलीत, पाखरे बसतात तिथे, चिल्टेपिन वाढते. सावली तुटली, किंवा वेचणाऱ्यांनी फांद्याच मोडून नेल्या, की ती संपते. म्हणून १९९९ साली ॲरिझोनातील कोरोनाडो राष्ट्रीय वनात तिच्यासाठी क्षेत्र राखून ठेवले गेले. पिकावर उद्या नवा रोग आला, तर प्रतिकाराचे गुण शोधायला या रानातल्या आईकडेच जावे लागेल.

तेव्हा पोपटाचा प्रश्न निघाला तर तो हसण्यावारी नेऊ नका. त्याच्या मागे मिरचीचा सगळा इतिहास उभा आहे.