दुखतंय कुठं? भिगवणच्या घराघरांत विचारलेला प्रश्न



आज इतिहास सांगायला बसले आहे, पण हा राजा-राण्यांचा इतिहास नाही. हा आपल्या बोटांचा, मनगटांचा आणि गुडघ्यांचा इतिहास आहे.

आमच्या गटात एक काकू आहेत. बचतीच्या वहीवर त्या पूर्वी ठसठशीत सही करायच्या. मग एका वर्षी अंगठा द्यायला लागल्या. मी म्हटलं, "काकू, सही विसरलात का?" त्यांनी हात पुढं केला. बोटांचे सांधे सुजलेले होते, पेन धरता येत नव्हतं. "सकाळी उठलं की मूठ वळत नाही गं. चूल पेटवायला दहा वाजतात." तीन वर्षं त्या हे सोसत होत्या. घरातले म्हणायचे, वय झालं. जवळच्या एका दवाखान्यात सुई मिळायची, दोन दिवस बरं वाटायचं, पुन्हा तेच. अखेर अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयात गेल्यावर आजाराचं नाव कळलं, आमवात. तोपर्यंत बोटं वाकडी झाली होती.

तेव्हापासून मी या आजाराची माहिती गोळा करायला लागले. ती करताना आपल्याच वाटेवरच्या एका गावाचं नाव पुढं आलं. ते गाव म्हणजे भिगवण.

आपल्या बीड जिल्ह्यातल्या किती तरी जोड्या कोयता घेऊन इंदापूर-बारामतीकडे जातात. त्यांना भिगवण माहीत आहे. पुणे-सोलापूर रस्त्यावरचं, उजनीच्या पाण्याकाठचं गाव. पुण्याचे सांधेविकारतज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांनी 1996 साली तिथं एक पाहणी सुरू केली. मोठ्या शहरात बसून येतील ते रुग्ण तपासायचे, ही नेहमीची रीत. डॉ. चोप्रांच्या पाहणीत उलटं झालं. गावातून तयार केलेले स्वयंसेवक घरोघर गेले आणि प्रत्येक मोठ्या माणसाला विचारलं, "दुखतंय का? कुठं?" कागदावर माणसाचं चित्र होतं, दुखरी जागा त्यावर खूण करून दाखवायची. ज्याला लिहिता-वाचता येत नाही, त्यालाही हे जमतं. ज्यांनी दुखणं सांगितलं त्यांना लगेच डॉक्टरांनी तपासलं. वही भरून नेली आणि पुन्हा कुणी फिरकलं नाही, असं झालं नाही.

ही पद्धत चोप्रांनी एकट्यानं काढलेली नव्हती. जागतिक आरोग्य संघटना आणि सांधेविकारतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी 1981 च्या सुमारास गरीब देशांसाठी हा कार्यक्रम आखला होता. कारण सोपं होतं. सांधेदुखीची सगळी आकडेवारी श्रीमंत देशांतली होती. खेड्यातली बाई शेण काढते, पाणी वाहते, उसाची मोळी डोक्यावर घेते. तिचं काय दुखतं, हे कुणी विचारलंच नव्हतं.

भिगवणमध्ये 4092 प्रौढ माणसांची पाहणी झाली. त्यांतल्या 746 जणांनी सांधे किंवा स्नायू दुखत असल्याचं सांगितलं. म्हणजे शंभरात अठरा. या दुखण्यांत गुडघ्यांची झीज आणि कष्टानं आलेली स्नायूंची दुखणी बरीच होती. खरा आमवात दोनशे माणसांत एकाला निघाला. एवढंच, असं वाटेल. पण हिशेब करून बघा. दोन हजार मोठी माणसं असलेल्या गावात दहा जण. आणि हा आजार पुरुषांपेक्षा बायकांना दोन-तीनपट जास्त होतो. म्हणजे तुमच्या गावात आत्ता सहा-सात बाया अशा असतील, ज्यांना सकाळी मूठ वळत नाही आणि का वळत नाही ते ठाऊक नाही.

आमवात म्हणजे नेमकं काय, ते सांगते. आपल्या रक्तात रोगाशी लढणारे राखणदार असतात. बाहेरचा जंतू आला की ते त्याला मारतात. या आजारात ते आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर तुटून पडतात. कुंपणानंच शेत खावं, तसा प्रकार. म्हणून सूज येते, सांधा आतून कुरतडला जातो. गुडघ्याची झीज वेगळी, ती वयानं आणि ओझ्यानं होते. आमवात तिशीतल्या बाईलाही होतो. आपल्या जुन्या वैद्यांना हा फरक दिसला होता. माधवकरांच्या 'माधवनिदान' या ग्रंथात सुमारे सातव्या-आठव्या शतकात आमवातावर वेगळं प्रकरण आहे.

आता औषधांचा इतिहास ऐका. त्यात सुईचा उलगडा आहे.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच नावाचे डॉक्टर होते. 1929 साली एका रुग्णानं त्यांना सांगितलं की कावीळ झाली आणि सांधेदुखी थांबली. हेंच यांनी ते हसण्यावारी नेलं नाही. पुढं त्यांच्या ध्यानात आलं की गरोदरपणातही बऱ्याच बायकांची सांधेदुखी कमी होते आणि बाळंतपणानंतर परत येते. म्हणजे शरीरातच असं काही तरी तयार होत असलं पाहिजे, जे या आजाराला आवरतं. बायका हे आपसात बोलत असतीलच, पण त्याची नोंद घेणारा भेटायला हवा होता. शोधत शोधत हेंच आणि केंडॉल कॉर्टिसोनपर्यंत पोचले. सप्टेंबर 1948 मध्ये 29 वर्षांच्या एका बाईला ते पहिल्यांदा टोचलं. अंथरुणाला खिळलेली ती बाई काही दिवसांत चालायला लागली. 1950 साली या कामाला नोबेल पारितोषिक मिळालं.

पण थोड्याच काळात दुसरी बाजू दिसली. तोंड सुजणं, साखर वाढणं, हाडं ठिसूळ होणं, जंतुसंसर्ग. आणि औषध थांबवलं की दुखणं परत. यालाच आपण आज स्टेरॉइड म्हणतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थोड्या दिवसांसाठी, मोजून दिलं तर ते कामाचं आहे. पण नाव न सांगता दिलेली सुई आणि चिठ्ठीशिवायच्या पुडीतल्या गोळ्या, यांत बहुतेकदा हेच असण्याची शक्यता असते. आमच्या काकूंना दोन दिवस बरं का वाटायचं, ते मला हेंच यांची गोष्ट वाचल्यावर कळलं. दुखणं झाकलं जात होतं. आतला सांधा कुरतडला जायचा तो जातच होता.

दुसऱ्या औषधाच्या मागं आपल्या देशातला माणूस आहे. आंध्रातल्या भीमावरमला 1895 मध्ये जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत संशोधन करत होते. त्यांच्या प्रयोगशाळेतून कर्करोगावरची जी औषधं निघाली, त्यांत मेथोट्रेक्सेट होतं. सुब्बाराव 1948 मध्ये वारले. पुढं, 1980 च्या दशकात, हेच औषध अगदी कमी प्रमाणात आमवाताला आवर घालतं, हे नीट चाचण्या घेऊन सिद्ध झालं. आज जगभर आमवाताचा उपचार बहुधा त्यापासूनच सुरू होतो. ते महागही नाही.

इथं कान देऊन ऐका. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज नाही. रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. दिवस ठरवा, घरच्यांना सांगून ठेवा. गरोदर असाल किंवा दिवस जाण्याची शक्यता असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, कारण ते बाळाला घातक आहे. आणि रक्ताच्या तपासण्या चुकवू नका.

भिगवणनंतर चोप्रांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशात इतर ठिकाणीही अशा पाहण्या केल्या. 2006 ची चिकुनगुनियाची साथ आठवते ना? ताप गेला तरी सांधे महिनोन्‌महिने दुखत राहिले. त्याही वेळी त्यांनी एका खेड्यातले रुग्ण दोन वर्षं धरून ठेवले, कुणाचं थांबलं आणि कुणाचं राहिलं ते बघितलं. आयुर्वेदिक औषधांनाही त्यांनी तीच कसोटी लावली. गुडघ्याच्या झिजेच्या 440 रुग्णांवर घेतलेली एक चाचणी 2013 मध्ये प्रसिद्ध झाली. कोण कुठलं औषध घेतंय हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही नाही, अशी ती चाचणी. आयुर्वेदिक औषधं नेहमीच्या औषधांच्या तोडीची निघाली. पण काही जणांच्या यकृताच्या तपासणीत फरक दिसला, तोही त्यांनी लिहून ठेवला. आपलं म्हणून झाकलं नाही.

मैत्रिणींनो, मोजण्यात मोठी ताकद असते. आपल्याच जिल्ह्यात 2019 साली ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्यांची मोजणी झाली. 82,309 बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. आपल्याला हे आधीपासून माहीत होतं. पण आकडा समोर आला तेव्हाच मुंबईला ऐकू गेलं. आणि पिशवीबरोबर अंडाशयही काढलं असेल तर हाडं लवकर ठिसूळ होतात, म्हणजे तो प्रश्नही फिरून हाडांशीच येतो.

म्हणून एक काम सुचवते. येत्या मासिक बैठकीत, हप्ता गोळा झाला की, पाच मिनिटं काढा आणि प्रत्येकीला तीन गोष्टी विचारा. सकाळी सांधे अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ आखडलेले असतात का? बोटांचे, मनगटांचे लहान सांधे दोन्ही हातांना सुजतात का? हे सहा आठवड्यांहून जास्त दिवस चाललंय का? उत्तर हो असेल तर तिचं नाव वहीच्या मागच्या पानावर लिहा आणि तिला एकटीला पाठवू नका, कुणी तरी सोबत जा. रक्ताची एक तपासणी चांगली आली म्हणून आजार नाहीच, असंही नसतं. डॉक्टरांना सांधे हात लावून बघायला सांगा. पहिल्या काही महिन्यांत उपचार सुरू झाले तर बोटं वाचतात.

आमच्या गटात आम्ही हे विचारलं. दोघी निघाल्या. त्यातली एक बत्तीस वर्षांची, तिच्या सासूला वाटायचं की सून कामाचा कंटाळा करते. ती आता औषध घेते, दर रविवारी, देवापुढं दिवा लावला की. सही अजून करते.

काकूंची बोटं सरळ झाली नाहीत. पण सूज उतरली आहे. बैठकीला त्या आल्या की आधी सगळ्यांचे हात बघतात.