सोमवारची गैरहजेरी

लोणावळ्यातल्या एका प्राथमिक शाळेत मी तिसरीचा वर्ग घ्यायचे. पाऊस लागला की सोमवारी निम्मी मुलं यायची नाहीत. पहिल्या वर्षी मी लाल शाईने गैरहजेरी मांडली, घरोघर चिठ्ठ्या धाडल्या. त्या वाचणारं बऱ्याच घरांत कुणी नव्हतंच. शेवटी एका मुलीने सांगितलं, "बाई, काल अंधार पडेस्तोवर भुशीला कणसं विकली. सकाळी जागच आली नाही."

ते भुशी धरण रेल्वेने बांधलं, वाफेच्या इंजिनांना पाणी हवं म्हणून. आमचं गाव वाढलं तेही रेल्वेमुळेच. 1856 ते 1863 या काळात बोरघाट फोडला, तेव्हा ऐन भरात 40 हजारांहून अधिक मजूर डोंगरात राबत होते. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये वारला आणि त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिसने, काम पुढे नेलं, एवढं वाचायला मिळतं. मजुरांच्या पोरांबद्दल मी पुष्कळ शोधलं. एकही नाव हाती लागलं नाही.

अशा कष्टकऱ्यांच्या पोरांनाही शाळा मिळावी म्हणून 1882 मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी केली. शाहू महाराजांनी 1917 मध्ये कोल्हापुरात ते सक्तीचं आणि मोफत केलं. 1918 च्या पटेल कायद्याने मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांनाही तशी सक्ती करता येऊ लागली. पण घरच्या कमाईला हातभार लावणारी, धाकट्यांना सांभाळणारी मुलं शाळेत टिकवायची कशी?

मला वाट दाखवली कोसबाद गावातल्या प्रयोगाने. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली. तीच विकासवाडी. धाकट्याला कडेवर घेऊन थोरली बहीण शाळेत येऊ शके. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शिक्षक कुरणात जात, ती कुरणशाळा. शाळेनेच मुलाच्या दिवसाप्रमाणे वळायचं, हे मला त्यांच्यामुळे कळलं. इतकी वर्षं शिकवून हे आपल्याला सुचू नये, याचं फार वाईट वाटलं.

पुढच्या पावसाळ्यापासून सोमवारी नवा धडा काढणं मी सोडलं. कालच्या कणसांचा हिशेब मांडायचा, एवढंच. ती मुलगी पाच कणसांचे पैसे, वर सुट्टे किती, हे तोंडी चटकन सांगे. पाटीवर मात्र हातचा विसरे. तो हातचा पक्का व्हायला दोन सोमवार गेले. तिचा धाकटा भाऊ तोवर माझ्या टेबलाशेजारी बस्करावर झोपलेला असे.