जामीन, दाखला आणि बोटाचा ठसा

पैशाच्या पेढीवर नवा माणूस घेतांना त्याची चौकशी करण्याची चाल पेढ्यांइतकीच जुनी असावी. आजहि एखाद्या तरुणास बँकेंत अगर विमा कंपनींत जागा मिळाली, म्हणजे कामावर रुजू होण्यापूर्वीं त्याच्यापुढें छापील कागदांचा एक गठ्ठा येतो. पूर्वीं कोठें नोकरी केली, ती कां सोडली, कोणाचें देणें आहे काय, कोर्टाचा कांहीं हुकूमनामा अंगावर आहे काय, नात्यांत नसलेल्या दोन प्रतिष्ठित गृहस्थांचीं नांवें काय, असे प्रश्न त्यांत असतात. घरांतील वडील मंडळी हे कागद पाहून मनांत थोडीशी दुखावतात. चार पिढ्यांत ज्या घराण्यानें कोणाची पै बुडविली नाहीं, त्या घरच्या मुलाची ही उलटतपासणी कशासाठीं, असें त्यांस वाटतें. त्यांचें हें वाटणें आम्हांस अगदींच अनाठायीं वाटत नाहीं. कारण हे प्रश्न आज जो विचारतो तो त्या घराण्यास ओळखीत नाहीं, आणि एके काळीं ही चौकशी ओळखीवांचून होतच नसे.

म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं कौटिल्याच्या अर्थशास्त्राची पोथी छापून प्रसिद्ध केली, तेव्हांपासून ह्या विषयाचा प्राचीनतम अध्याय आपल्या हातीं आहे. अमात्यांची परीक्षा धर्म, अर्थ, काम व भय अशा चार ‘उपधां’नीं करावी, असें तो सांगतो. अर्थोपधा म्हणजे गुप्त हस्तकांकरवीं द्रव्याचा लोभ दाखवून माणूस राजाविरुद्ध फितूर होतो कीं काय हें पाहणें. ह्या कसोटीस जो उतरेल त्यास वसुलीच्या व कोशाच्या कामावर नेमावें. परंतु ह्याच ग्रंथकारानें पुढें राजद्रव्याच्या अपहाराचे चाळीस प्रकार मोजून दाखविले आहेत, हें विसरतां येत नाहीं. म्हणजे कसून पारखलेल्या माणसांच्या हातूनच तीं चाळीस कृत्यें होणार, हें त्यास पुरतें ठाऊक होतें. नेमणुकीपूर्वींच्या परीक्षेवर त्यानें सारा भार टाकला नाहीं, ह्यांतच त्याचा व्यवहारीपणा दिसतो.

मधल्या शतकांत माणसाची परीक्षा मागें पडली आणि त्याच्या पाठीमागें कोण उभा आहे हा प्रश्न पुढें आला. आपल्या जुन्या कागदपत्रांतून जामिनाचे निरनिराळे प्रकार आढळतात. माणूस बोलावल्या वेळीं हजर होईल अशी हमी घेणारा तो हाजिरजामीन, रक्कम बुडाल्यास ती भरून देणारा तो मालजामीन, आणि वर्तणुकीची हमी घेणारा तो फैलजामीन. ह्या तिघांच्याहि बाबतींत, अमुक माणूस चांगला आहे असें म्हणणाऱ्यास आपल्या शब्दाची किंमत वेळ आल्यास पदरची द्यावी लागे.

इंग्लंडांतील पेढ्यांची रीत ह्याहून फारशी निराळी नव्हती. ‘ईलिया’चे निबंध ज्यांनीं आवडीनें वाचले असतील, त्यांस त्यांचा कर्ता चार्लस लँब हा ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन येथील कचेरींत हिशेबनीस होता हें ठाऊक असेलच. १७९२ च्या एप्रिलांत तो तेथें लागला, तेव्हां त्याचें वय अवघें सतरा वर्षांचें होतें. पहिलीं तीन वर्षें पगार नव्हता. उलट त्याच्या सचोटीबद्दल पांचशें पौंडांचा कतबा लिहून द्यावा लागला, आणि त्यावर दोन जामीन घ्यावे लागले. लँबचा बाप सॅम्युएल सॉल्ट नांवाच्या एका वजनदार वकिलाच्या पदरीं चाकरीला होता. ह्या धन्याच्या आश्रयानेंच मुलाला चांगली शाळा मिळाली व मोठ्या लोकांची ओळख झाली. तो आश्रय नसता, तर पांचशें पौंडांसाठीं आपली सही कोण पुढें करता? तेहेतीस वर्षें ज्यानें कंपनीच्या चोपड्या निष्कलंकपणें लिहिल्या, तो मनुष्य केवळ जामीन न मिळाल्यामुळें त्या दारांतून आंत शिरलाच नसता, हें अगदीं शक्य होतें. असे किती लँब बाहेर राहिले असतील त्यांची नोंद कोणत्याच दप्तरांत सांपडावयाची नाहीं.

हिंदुस्थानांत ह्या पद्धतीनें आणखी एक पाऊल पुढें टाकलें. १८०६ सालीं कलकत्त्यास जी बँक निघाली व जी लवकरच ‘बँक ऑफ बेंगॉल’ ह्या नांवानें ओळखली जाऊं लागली, तींत व तिच्या मागून निघालेल्या इतर मोठ्या बँकांत, रोकडीचें खातें एका खजांच्याच्या स्वाधीन असे. तो स्वतः भारी अनामत ठेवी, आपल्या हाताखालचे कारकून व पारखी बहुधा स्वतःच नेमी, आणि त्यांच्यापैकीं कोणी अफरातफर केल्यास ती भरून देई. बँकेच्या गोऱ्या व्यवस्थापकास त्या माणसांचीं गोत्रें व गांवें ठाऊक नसत. तीं ठाऊक असण्याचेंच जणूं खजांच्यास वेतन मिळे. चीनच्या बंदरांतील परदेशी पेढ्यांमध्यें ‘कॉम्प्रादोर’ नांवाचा दलाल हेंच काम करी. ह्या व्यवस्थेंत भाऊबंदकीचा भरणा होई व बाहेरच्या हुषार मुलास वाव मिळत नसे, हा दोष उघड आहे. तथापि तिचा एक गुण आमच्या मनांतून जात नाहीं: ज्याला माणसाची खरी माहिती होती, त्याच्यावरच नुकसानीचा बोजा होता, म्हणून माहिती दडवून ठेवण्यांत त्याचा कांहींच फायदा नव्हता.

ही गांठ प्रथम सुटली ती लंडनांत. १८४० सालीं तेथें ‘गॅरंटी सोसायटी’ ह्या नांवाची मंडळी स्थापन झाली, व ठराविक हप्ता घेऊन नोकराच्या सचोटीचा विमा उतरूं लागली. मित्रांच्या व आप्तांच्या दारोदार जाऊन जामीनकीची याचना करण्याचा प्रसंग त्यामुळें पुष्कळ तरुणांवरचा टळला, ह्याबद्दल त्या मंडळीचे आभारच मानले पाहिजेत. परंतु जामीन पूर्वीं ओळखीचा असे, तो आतां अनोळखी झाला. आणि अनोळखी जामिनास कागदावांचून दुसरा आधार काय? मागच्या धन्याचें पत्र, छापील प्रश्न, त्यांचीं लेखी उत्तरें, ह्यांचें महत्त्व येथून वाढत गेलें.

कागदाचाहि भरवसा वाटेना, तेव्हां बोटांची पाळी आली. ही कथा बंगाल्यांत सुरू होते. १८५८ सालीं जंगीपूर येथें विल्यम हर्शेल ह्या मुलकी अधिकाऱ्यानें राज्यधर कोनाई नांवाच्या ठेकेदाराकडून, रस्त्यावर घालावयाच्या खडीचा करार करतांना, कराराच्या पाठीवर त्याच्या पंजाचा शाईचा ठसा घेतला. कोनाईवर कोणताहि आळ नव्हता; ‘ही सही माझी नव्हे’ असें त्यानें पुढें म्हणूं नये, एवढाच त्यांतील हेतु. पुढें अझिझुल हक व हेमचंद्र बोस ह्यांच्या साहाय्यानें एडवर्ड हेन्रीनें ठशांचें वर्गीकरण बसविलें, व १८९७ सालीं कलकत्त्यास पोलिसांचें ठसे-दप्तर उघडलें. करारांतील एक खूण अशा रीतीनें गुन्हेगारांची खूण बनली. तीच नंतर सातासमुद्रांपलीकडे धनिकांच्या बाजारांत जाऊन पोंचली. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या रोखेबाजारांतील पेढ्या कागदांच्या ढिगाखालीं इतक्या गुदमरल्या होत्या कीं, रोखे चोरीस जाऊं लागले. तेव्हां १९७५ च्या कायद्यानें रोख्यांच्या व्यवहारांतील बहुतेक नोकरांचे ठसे घेऊन ते सरकारी दप्तराशीं ताडून पाहण्याची सक्ति केली. बँकांच्या बाबतींत अप्रामाणिकपणाच्या गुन्ह्यासाठीं शिक्षा झालेल्या माणसास बंदी करणारें कलम तेथें १९५० सालींच झालें होतें. ठसा कधीं खोटें बोलत नाहीं हें खरें. परंतु जो एकदां पकडला गेला आहे त्याच्याविषयींच तो बोलूं शकतो.

आतां लंडनांतील बेअरिंग बंधूंच्या पेढीकडे वळूं. १७६२ सालीं निघालेली ही पेढी. १८०३ सालीं अमेरिकेनें फ्रान्सकडून लुइझियाना प्रांत विकत घेतला, त्या व्यवहाराच्या पैशाची तजवीज करणाऱ्यांत ती होती. १८९० सालीं अर्जेंटिनाच्या कर्जरोख्यांपायीं ती बुडूं लागली, तेव्हां बँक ऑफ इंग्लंडनें इतरांस एकत्र करून तिला वांचविलें. अशा पेढींत १९८९ सालीं निक लीसन नांवाचा बावीस वर्षांचा तरुण लागला. बाप गिलाव्याचें काम करणारा; मुलगा मेहनती, आंकड्यांत तरबेज. जकार्ता येथें घोटाळ्यांत पडलेल्या शेअरपत्रांचा निकाल लावून त्यानें वरिष्ठांची मर्जी संपादन केली.

१९९२ सालीं लंडनच्या बाजारांत सौदे करण्याच्या परवानगीसाठीं पेढीनें त्याचा अर्ज तेथील नियामक मंडळाकडे पाठविला. कोर्टाचा हुकूमनामा अंगावर आहे काय, ह्या प्रश्नास लीसननें नकारार्थी उत्तर दिलें होतें. वस्तुतः न फेडलेल्या देण्याबद्दल काउंटी कोर्टाचा निकाल त्याच्यावर झालेला होता. रक्कम पेढीच्या उलाढालीच्या मानानें अगदींच क्षुल्लक. मंडळानें चौकशी केली, असत्य उघडकीस आलें, आणि तें पेढीस कळविण्यांत आलें. येथवर सर्व यंत्र जसें चालावयास हवें तसेंच चाललें. पेढीनें काय केलें? तिनें अर्ज मागें घेतला, आणि त्याच वर्षीं त्याच माणसास सिंगापूरच्या वायदेबाजारांत सौदे करण्यास पाठवून दिलें. तेथील अर्जांतहि त्यानें हुकूमनाम्याची गोष्ट दडविली, आणि लंडनांत काय घडलें हें पेढीनेंहि सिंगापूरकरांस सांगितलें नाहीं.

पुढील हकीकत सर्वश्रुत आहे, म्हणून ती थोडक्यांतच सांगतों. सौदे करणें आणि त्यांचा हिशेब लिहिणें हीं दोन्ही कामें त्या एकाच माणसाकडे देण्यांत आलीं. १९९२ च्या जुलैंत त्यानें ८८८८८ ह्या आंकड्याचें एक खातें उघडून तोटा त्यांत लपविण्यास आरंभ केला. १७ जानेवारी १९९५ रोजीं जपानांत कोबे येथें भूकंप झाला, बाजार कोसळला, आणि २६ फेब्रुवारीस बेअरिंगांची पेढी बुडाली. तोटा ८२ कोटि ७० लक्ष पौंडांचा होता. दोनशें तेहेतीस वर्षांची ती पेढी एका डच मंडळीनें एक पौंडास विकत घेतली. लीसनला सिंगापूरच्या न्यायालयानें साडेसहा वर्षांची शिक्षा दिली.

कोणी म्हणेल कीं, जो माणूस क्षुल्लक देणें फेडूं शकत नाहीं तो कोट्यवधींचा अपहार करणारच, हें आधीं ओळखावयास नको होतें काय? हा तर्क आम्हांस मान्य नाहीं. तरुणपणीं हात तंग असणें हा दुर्गुण नव्हे. तसें मानलें तर आपल्यापैकीं फार थोडी घरें ह्या कसोटीस उतरतील. त्या अर्जांत दखल घेण्याजोगी गोष्ट एकच होती, ती म्हणजे लेखी प्रश्नाला दिलेलें खोटें उत्तर. ती गोष्ट ज्यांना सर्वांत आधीं कळली, त्यांनीं ती अडचणीच्या पत्रासारखी फायलींत घालून ठेवली. जुना मालजामीन असता तर त्यानें त्याच रात्रीं आपली सही परत मागितली असती.

ज्याला माहीत आहे त्यानें बोलावें, अशी अपेक्षा करणें सोपें. परंतु बोलणाऱ्याची बाजूहि पाहिली पाहिजे. बेअरिंग बुडण्यापूर्वीं काहीं महिने, १९९४ सालीं, हाउस ऑफ लॉर्ड्सपुढें एका विमा-प्रतिनिधीचा दावा चालला. त्याच्या मागच्या कंपनीनें नव्या कंपनीस कळविलें होतें कीं, ह्या माणसाच्या अंगीं सचोटी नाहीं. ह्या पत्रानें त्याची त्या धंद्यांतील वाटच बंद झाली. खालच्या न्यायालयास आढळून आलें कीं, पत्र आकसानें लिहिलेलें नव्हतें, पण निष्काळजीपणानें लिहिलेलें होतें. दाखला देणाऱ्यानें माजी नोकराविषयीं योग्य ती काळजी घेतली पाहिजे, न घेतल्यास नुकसानभरपाई देय होते, असा निर्णय लॉर्डांनीं बहुमतानें दिला. निर्णय न्याय्य होता ह्याबद्दल आम्हांस शंका नाहीं. एका ओळीनें माणसाचें आयुष्य मोडणाऱ्यास जाब विचारलाच पाहिजे. पण मोठ्या पेढ्यांनीं त्यांतून भलताच धडा घेतला. ‘अमुक तारखेस लागला, अमुक तारखेस सोडून गेला’ एवढेंच लिहून त्या मोकळ्या होऊं लागल्या. जो लिहीत नाहीं त्याच्यावर दावा होत नाहीं. दुष्कृत्य करून एका पेढींतून गुपचूप बाहेर पडलेला माणूस मग दुसऱ्या पेढींत निष्कलंक म्हणून शिरे, आणि त्यास मागच्या पेढीचें मौन हाच उत्तम दाखला होई.

व्याजदरांच्या लबाड्या २०१२ सालीं उघडकीस आल्यावर पार्लमेंटनें बँकांच्या नीतिमत्तेची चौकशी करण्यासाठीं एक समिति नेमली, व तिचा अहवाल २०१३ च्या जूनमध्यें बाहेर पडला. त्यानंतर जे नियम झाले त्यांतील ७ मार्च २०१७ पासून अमलांत आलेला एक नियम आमच्या ह्या विषयापुरता सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जबाबदारीच्या जागीं माणूस घेणाऱ्या पेढीनें त्याच्या मागील सहा वर्षांतील सर्व धन्यांकडून दाखले मागविलेच पाहिजेत. मागितलेला दाखला मागच्या पेढीनें ठराविक नमुन्यांत दिलाच पाहिजे. गैरवर्तन सिद्ध झालें असल्यास तें त्यांत लिहिलेंच पाहिजे. आणि दाखला दिल्यानंतर कांहीं नवें कळल्यास तेंहि मागाहून कळविलें पाहिजे. आपसांत तडजोड करून ही माहिती गाळण्याची सवलत कोणास नाहीं. १९९४ सालीं सांगितलेलें काळजीचें कर्तव्य तसेंच कायम आहे. मात्र गप्प बसून त्यांतून सुटण्याची वाट बंद झाली आहे.

त्याच नियमावलींत, माणूस ‘योग्य व लायक’ आहे कीं नाहीं हें ठरवितांना तीन गोष्टी पाहाव्या असें सांगितलें आहे: सचोटी व लौकिक, कामाची पात्रता, आणि सांपत्तिक व्यवहारांतील चोखपणा. तिसऱ्या बाबीखालीं कोर्टाचे हुकूमनामे व न फेडलेलीं देणीं ह्यांविषयीं विचारलें जातें. पण तेथेंच एक खुलासाहि जोडलेला आहे कीं, अर्जदाराची ऐपत बेताची आहे एवढ्यावरून त्यास नालायक ठरवूं नये. १७९२ सालीं हा खुलासा असता, तर हिशेबाच्या खोलींत शिरणाऱ्या सतरा वर्षांच्या त्या मुलास पांचशें पौंडांचा कतबा लिहून द्यावा लागला नसता.