रक्त नाकारणाऱ्या रुग्णाची शस्त्रक्रिया

नाशिक : मोठी शस्त्रक्रिया ठरली, की नातेवाइकांची पहिली धावपळ रक्तपेढीकडे होते. मात्र शस्त्रक्रियेला संमती देऊन 'जीव धोक्यात आला तरी रक्त देऊ नका' असे लेखी कळविणारे रुग्णही असतात. अशा रुग्णाला परत पाठवायचे, की त्याच्या अटीवर शस्त्रक्रिया करायची, हा पेच शल्यचिकित्सक व भूलतज्ज्ञांपुढे उभा राहतो. गेल्या सहा दशकांचा अनुभव असा, की तयारीला वेळ मिळाल्यास अनेक मोठ्या शस्त्रक्रिया रक्ताविना करता येतात. वेळ न मिळाल्यास मात्र धोका गंभीर असतो.

नकार कशासाठी?

'यहोवाचे साक्षीदार' या ख्रिस्ती पंथाचे अनुयायी धार्मिक कारणाने रक्त नाकारतात. रक्त वर्ज्य करण्याच्या बायबलमधील आज्ञेचा अर्थ रक्तसंक्रमणालाही लागू होतो, अशी भूमिका या पंथाने १९४५ मध्ये जाहीर केली. १९२६ मध्ये मुंबईत या पंथाचे कार्यालय होते. आज देशात त्याचे ५० हजारांहून अधिक अनुयायी आहेत. पंथाच्या शिकवणीनुसार दात्याचे संपूर्ण रक्त, तांबड्या व पांढऱ्या पेशी, प्लेटलेट आणि प्लाझ्मा वर्ज्य आहेत. अल्ब्युमिनसारखे सूक्ष्म घटक घ्यावेत की नाही, हे प्रत्येकाने स्वतः ठरवायचे असते. त्यामुळे 'रक्त नको' एवढ्या उत्तरावर न थांबता काय चालेल आणि काय नाही, याची यादी डॉक्टरांनी रुग्णासोबत बसून करणे आवश्यक ठरते.

तयारीचे तीन टप्पे

पहिला टप्पा शस्त्रक्रियेपूर्वीचा. हिमोग्लोबिन तपासून लोह, बी-१२ व फॉलिक ॲसिडची कमतरता भरून काढली जाते. गरजेनुसार शिरेतून लोह आणि तांबड्या पेशींची निर्मिती वाढविणारे एरिथ्रोपोएटिन दिले जाते. रक्त पातळ करणारी औषधे वैद्यकीय सल्ल्याने आधीच थांबविली जातात. या तयारीला काही आठवडे लागतात.

दुसरा टप्पा शस्त्रक्रियेदरम्यानचा. शक्य तेथे दुर्बिणीतून शस्त्रक्रिया, विद्युत उपकरणाने रक्तवाहिन्या बंद करणे, भुलेत रक्तदाब नियंत्रित ठेवणे आणि ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड देणे, हे उपाय योजले जातात. जखमेतून वाहणारे रक्त गोळा करून, धुऊन त्याच रुग्णाला परत देणारे 'सेल सेव्हर' यंत्रही अनेक रुग्ण स्वीकारतात. मात्र त्याची संमती आधीच घ्यावी लागते.

तिसरा टप्पा शस्त्रक्रियेनंतरचा. तपासणीसाठी कमीत कमी रक्त काढणे, पुरेसा प्राणवायू देणे आणि रक्तस्राव दिसताच विनाविलंब उपचार करणे महत्त्वाचे असते.

अनुभव आणि मर्यादा

अमेरिकेतील ह्यूस्टन येथे डॉ. डेंटन कूली यांनी १९६२ पासून या पंथीयांवर रक्ताविना हृदयशस्त्रक्रिया सुरू केल्या. त्यांनी १९७७ मध्ये अशा ५४२ शस्त्रक्रियांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात महिनाभरातील मृत्यूंचे प्रमाण ९.४ टक्के होते.

धोका कोठे वाढतो, हे २००२ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले. रक्त नाकारलेल्या ३०० रुग्णांच्या या नोंदींत शस्त्रक्रियेनंतर हिमोग्लोबिन ७.१ ते ८ राहिलेल्यांपैकी कोणीही दगावले नव्हते, ते ४.१ ते ५ पर्यंत उतरलेल्यांपैकी सुमारे ३४ टक्के दगावले. अपघात किंवा प्रसूतीनंतरचा तीव्र रक्तस्राव यांत पूर्वतयारीला अवधीच नसतो. तेथे नकाराची किंमत प्राणांनी मोजावी लागू शकते आणि ही गोष्ट रुग्णाला स्पष्ट शब्दांत सांगणे डॉक्टरांचे कर्तव्य आहे.

कायदा काय सांगतो?

सज्ञान व शुद्धीवरील रुग्णाच्या संमतीविना उपचार करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केले. उपचार नाकारण्याचा सज्ञान व्यक्तीचा हक्क २०१८ च्या 'कॉमन कॉज' निकालात मान्य झाला. रुग्ण बेशुद्ध असेल आणि कोणाची संमती मिळविणे शक्य नसेल, तर सद्हेतूने केलेल्या उपचाराला भारतीय न्याय संहितेचे कलम ३० संरक्षण देते. मात्र खिशात नकाराचे कार्ड सापडले तर प्रश्न अवघड होतो. कॅनडात कार्ड असूनही बेशुद्ध महिलेला रक्त दिल्याबद्दल १९९० मध्ये न्यायालयाने डॉक्टरांविरुद्धचा भरपाईचा आदेश कायम ठेवला होता. मुलांची बाब वेगळी आहे. आईवडिलांची श्रद्धा मुलाच्या जिवावर बेतू नये, या भूमिकेतून अमेरिका व ब्रिटनमधील न्यायालये मुलांना रक्त देण्याचे आदेश देत आली आहेत.

सर्वांसाठी उपयुक्त धडा

या तंत्रांचा उपयोग एका पंथापुरता नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये जगासमोर आणलेल्या 'बॉम्बे' रक्तगटाच्या व्यक्तीला त्याच गटाचे रक्त लागते आणि ते सहज मिळत नाही. त्यांनाही हीच पूर्वतयारी उपयोगी पडते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. सुरगाणा, पेठसारख्या तालुक्यांतून शस्त्रक्रियेसाठी नाशिकला येणाऱ्या महिलेचे हिमोग्लोबिन महिनाभर आधी तपासून वाढविले, तर तिच्यासाठी रक्ताची पिशवी शोधण्याची वेळ कदाचित येणारही नाही.

रक्त नाकारणाऱ्यांनी आपला निर्णय पहिल्याच भेटीत डॉक्टरांना लेखी कळवावा आणि त्याची प्रत कुटुंबीयांकडे ठेवावी. डॉक्टरांनीही नातेवाइकांना बाहेर थांबवून रुग्णाशी एकांतात बोलावे. निर्णय त्याचा स्वतःचा आहे, की इतरांच्या दडपणाखाली घेतलेला, हे तेथेच समजते.