छायाचित्रण, लेण्यांतील

लेणी, गाभारे यांसारख्या अंधुक जागी भित्तिचित्रांची व शिल्पांची रेखीव आणि योग्य उद्भासनाची (प्रकाशसंवेदी पृष्ठावर पुरेसा प्रकाश पडू दिलेली) छायाचित्रे घेण्याची पद्धती. महाराष्ट्रातील तिचा इतिहास प्रामुख्याने अजिंठ्याशी निगडित आहे.

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी १८४४ मध्ये मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल (१८०४–७९) यांची नियुक्ती झाली. त्यांच्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसच्या आगीत नष्ट झाल्या. मुंबईच्या कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स व त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून केलेल्या प्रतिकृतींपैकीही अनेक १८८५ मध्ये लंडन येथेच जळाल्या. मूळ चित्रे झिजत असल्याने ही हानी गंभीर होती.

गिल यांनी छायाचित्रणही हाती घेतले. त्यांची छायाचित्रे जेम्स फर्ग्युसन यांच्या लेखनासह १८६४ मध्ये प्रसिद्ध झाली. मात्र त्यांत वास्तू व शिल्पे यांवरच भर आहे. तत्कालीन कलोडियनच्या काचा ओल्या असतानाच उद्भासित व विकसित कराव्या लागत. त्यामुळे अंधारात दीर्घ उद्भासन देण्यास मर्यादा पडे. शिवाय त्या मुख्यतः निळ्या प्रकाशालाच संवेदनशील असल्याने अजिंठ्यातील तांबडे व पिवळे मातीरंग काळपट उमटत. सर्व रंगांना संवेदनशील काचा विसाव्या शतकाच्या आरंभी उपलब्ध झाल्यावर ही अडचण दूर झाली. हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांनी १९३०–५५ या काळात चार भागांत प्रसिद्ध केलेला अजिंठ्यावरील ग्रंथ छायाचित्रांवर आधारलेला होता.

प्रखर कृत्रिम प्रकाशाने उद्भासनकाल घटतो, पण रंगांना अपाय होण्याचा धोका असतो. १९२०–२२ मध्ये इटालियन तज्ञांनी चित्रे टिकविण्यासाठी लावलेला लाखेचा थर पुढे पिवळा पडला व त्यावरून प्रकाश परावर्तित होऊन छायाचित्रात चकाकी येऊ लागली. बिनॉय बहल यांनी १९९१ पासून अत्यंत मंद प्रकाशात दीर्घ उद्भासन देऊन ही चित्रे टिपली. त्यांचा ग्रंथ १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा कामात कॅमेरा तिपाईवर अचल ठेवतात व रेखीवपणासाठी भिंगाचे छिद्र लहान करतात. छिद्राचा व्यास निम्मा केल्यास उद्भासनकाल चौपट लागतो. फिल्मची संवेदनशीलता दीर्घ उद्भासनात घटत असल्याने तो आणखी वाढवावा लागतो. अंकीय कॅमेऱ्यात संवेदनशीलता वाढविल्यास प्रतिमेत कणी दिसू लागते.

भित्तिचित्रास सर्वत्र सारखा प्रकाश लागतो, तर उठावशिल्पास बाजूने येणारा. त्यामुळे किल्लारी ज्या औसा तालुक्यात आहे, त्यातीलच खरोसा येथील लेण्यांत उठाव स्पष्ट होण्यास दारातून तिरपा येणारा दिवसाचा प्रकाश उपयुक्त ठरतो. समोरून टाकलेल्या झोताने सावल्या नाहीशा होऊन शिल्प सपाट दिसते. अजिंठ्याच्या लेण्यांत झोतदिव्याच्या वापरास मनाई आहे. वस्तूवर प्रकाश वाढविण्याऐवजी उद्भासनाचा काळ वाढविणे, हेच तेथील छायाचित्रणाचे मुख्य तत्त्व ठरले आहे.